कडूबाच्या देव्हाऱ्यातला दगड

आमचे हे, म्हणजे त्रिंबकराव, माणूस वाईट नाहीत. फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना बघवत नाही. शेजारच्या नळाला आमच्याआधी पाणी आलं तरी यांचं तोंड उतरतं. बजाजनगरात राहायला आल्यापासून मी हे बघते आहे, आणि आता बोलायचंही सोडलं आहे.

कारखान्यात लेथवर काम आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर, हा यांचा नेम. वेरूळच्या वरचं पठार, अजिंठ्याच्या बाजूचे कडे, सगळं पायाखालचं. बरोबर कंपनीतली पाच-सहा माणसं असत, आणि भाकरी-ठेचा बांधून मीही. वाटेत कुणाला काही घावलं की ते यांच्यापुढं येई. पांढरे दात बसवल्यासारखा दगड आला की हे म्हणत, लाव्ह्यातल्या बुडबुड्यात वाढलेल्या गारगोट्या आहेत. दगडावर काळी नेच्याची पानं उमटलेली दिसली की म्हणत, पान नाही, खनिजाचा डाग आहे. आपला मुलूखच थिजलेल्या लाव्ह्याचा, त्यात जीवाश्म कुठला? शोधायचाच तर गोदावरीच्या काठच्या जुन्या गाळात शोधा. हाडासारखं काही वाटलं तर हे सरळ जीभ लावत. जुनं हाड ओल शोषून घेतं, म्हणून जिभेला चिकटतं. लाव्हा चिकटत नाही. हे त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं. स्वतः मात्र वर्षानुवर्षं दगड चाटत होते आणि एकदाही जीभ अडकली नव्हती.

कंपनीतलाच कडूबा आमच्यात आला तो साखर वाढली म्हणून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. त्याला दगडांचं काही नव्हतं, गप्पांचं होतं. पैठणच्या खालच्या अंगाला आम्ही नदीकाठानं चालत होतो, तेव्हा हा पाय धुवायला म्हणून उतरला आणि अर्ध्या मुठीएवढा जाळीदार दगड घेऊन वर आला.

यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला. लाव्ह्यातली भोकं लहान-मोठी, कशीही पडलेली असतात. याला बाहेरून टणक साल होती आणि आत बारीक, एकसारखी जाळी. मला लांबून दिसत होतं, तर यांना दिसलं नसेल? पण यांनी जीभ लावली नाही. "लाव्हा हाय, टाकून द्या," म्हणाले आणि भराभरा पुढं निघाले. त्या दिवशी भाकरीही धड खाल्ली नाही.

कडूबानं दगड टाकला नाही. त्याची बायको चतुराबाई भाविक. तिला त्यात गणपतीची सोंड दिसली, आणि दगड देव्हाऱ्यात जाऊन बसला.

पुढं त्यांच्याकडं सत्यनारायण झाला. आम्ही गेलो. कुंकू लावलेला तो दगड बघून हे पूजेभर नुसते चुळबुळत होते. माणसं पांगली, चतुराबाई शेजारी प्रसाद द्यायला गेली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते तर आमचे हे देव्हाऱ्यापुढं वाकलेले, हातात दगड, आणि दगडाच्या पाठीला जीभ लावलेली. सोडवताना जरा ओढावी लागली. यांचे डोळे पाण्यानं भरले. लाज वाटली असेल म्हणावं तर तसं नव्हतं. उभा जन्म जे हवं होतं, ते दुसऱ्याच्या घरात होतं.

मागं कडूबा उभा होता.

"चिकटली ना, भाऊ?" तो हळूच म्हणाला. "मी नदीवरच लावून बघितली व्हती."

"मंग बोलला का नाय?"

"तुम्ही लाव्हा म्हणले ना. चार माणसांत तुमचा शब्द कशाला खाली पाडू?"

"अन् हाड देवात मांडू दिलं?"

"नगं म्हणलं असतं तर तिला कारण सांगावं लागलं असतं. तुमचं नाव आलं असतं त्यात." त्यानं यांच्या हातातून दगड घेतला, धोतरानं पुसला आणि परत जागेवर ठेवला. "चुकी व्हते माणसाची. ऱ्हाऊ द्या."

त्यानं चूक म्हटलं. चूक नव्हती ती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

घरी येताना मी वाट बघत होते. आता तरी हे म्हणतील, मी वाईट वागलो. येत्या सुट्टीला सगळ्यांना खरं सांगतो. कॉलनीच्या वळणावर हे थांबले.

"हाडबी त्यालाच घावलं," म्हणाले, "अन् मोठेपणाबी त्यालाच."

मी पुढं चालू लागले. मला चतुराबाईचा हेवा वाटत होता.