खातरीआक्का आणि मी कापलेलं वाक्य

खातरीआक्कानं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाकडे नाही, आधी चपलांकडे पाहिलं. नारायणगावहून एस.टी. आणि फाट्यापासून पायी, त्यामुळे घोट्यापर्यंत फुफाटा होता. "यष्टीनं आली व्हय?" तिनं विचारलं. मी मान डोलावली तेव्हा कुठं ती उंबऱ्यातून बाजूला सरली. जीपनं येणारा माणूस आधी सोसायटीच्या चेअरमनच्या बंगल्यावर चहा पितो आणि मग गरिबाच्या दारात येतो, पायी येणारा निदान सरळ येतो, असं तिचं मत होतं. माझ्या बाबतीत ते मत साफ चुकलं, पण ते पुढं.

तिचं खरं नाव मतदारयादीपुरतं. निमगाव सावाच्या अलीकडच्या त्या वाडीत तिला सगळे खातरीआक्काच म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की तिचा एकच प्रश्न, "खातरी काय?" पाऊस चांगला होणार म्हणालं तरी खातरी काय, जावई देवमाणूस आहे म्हणालं तरी खातरी काय. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई एकदा बायकांना गोळ्या वाटायला आली. आक्कानं गोळी तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "आदी तू गिळ." नर्सबाईनं बिचारीनं खरंच गिळली. मग आक्कानं तिला तासभर ओसरीवर बसवून ठेवलं आणि ती धडधाकट आहे असं बघून स्वतः घेतली. नर्सबाई पुढच्या खेपेपासून त्या घराला वळसा घालून जायची.

मी तेव्हा रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात हंगामी सहायक होते. नेमणूक तीन-तीन महिन्यांची, त्यामुळे वर्षातून चार वेळा नोकरी जाते की राहते असा घोर. माझं माहेर अवसरी बुद्रुक. "तिकडची भाषा तुम्हाला येते," असं म्हणून साहेबांनी खांद्याला अडकवायचा टेपरेकॉर्डर दिला आणि जुन्नर-आंबेगावकडच्या बायकांच्या मुलाखती आणायला पाठवलं. लोणच्याच्या कृती आणि बाळाची मालीश यांच्यामध्ये दहा मिनिटं ग्रामीण स्त्रीचं मनोगत हवं होतं. आक्काच्या वाडीत बायकांनी दारूभट्टीची मडकी फोडली होती, ते कानावर आलं म्हणून मी गेले.

मशीन बघून आक्का म्हणाली, "माजं बोलनं तुमी घिऊन जानार. मंग माज्याकडं काय ऱ्हातंय?" मी काहीतरी गोड बोलले. ती गोड बोलण्याला विरघळणारी नव्हती, पण तिला भट्टीवाल्याचं नाव सांगायचं होतं. मडकी फोडली म्हणून पोलिसांनी उलट बायकांवरच तक्रार लिहून घेतली होती. भट्टी कुणाची ते चावडीवर कुणी तोंडातून काढत नव्हतं. रेडिओवर एकदा नाव गेलं की साऱ्या तालुक्याला कळेल, मग फौजदारालाही ऐकू न आल्याचं सोंग करता येणार नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. शेजारी तिची जिवाभावाची मैत्रीण भागूबाई बसली होती. पहिलं मडकं भागूबाईनं फोडलं होतं. दोघींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आक्का मशीनकडे बघून सावकाश बोलली, "भट्टी चेअरमनच्या हिरीवरच्या मोटरीच्या खोलीत हाय. कुलपाची किल्ली त्याच्याच कंबरंला असती."

ते वाक्य मी कापलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं व्यक्तिचित्र खोटं होईल. तेव्हा फीत हातानं कापत. बोलणारा दम घेतो तिथं खडूनं खूण करायची, दाढीच्या ब्लेडनं तिरका काप द्यायचा, नको ते टोपलीत टाकायचं आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. मला त्या हातसफाईचा गर्व होता. साहेबांनी ती फीत ऐकलीही नव्हती. पण चेअरमनची सख्खी बहीण अवसरीला आमच्या भावकीत दिलेली होती. नाव गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांच्या दारात माणसं आली असती, आणि इकडे तीन महिन्यांची नेमणूक. मी भ्याले. पाच मिनिटांचं काम होतं.

मुलाखत लागणार त्या दुपारी आक्कानं साऱ्या वाडीतल्या बायका पिठाच्या गिरणीपुढं जमवल्या होत्या. आवाज नको म्हणून गिरणीवाल्याला पट्टा उतरवायला लावला होता. चेअरमनच्या कानावरही गेलं होतं. आठवडाभर मोटरीच्या खोलीतून धूर निघाला नव्हता. रेडिओतून आक्काचा आवाज आला, "आमी बायांनी मडकी फोडली," आणि लगेच, "पोरांच्या तोंडातला घास जातो," आणि मग लोणचं. नाव नाहीच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोन दिवसांनी भट्टी पुन्हा पेटली आणि चेअरमन पारावर म्हणाला म्हणे, "रेडिओ बी आपलं नाव घेत न्हाई, मंग बाया काय घेनार?"

आक्का सांगत राहिली की आपण नाव घेतलं होतं. कोण मानणार? आवाज तिचाच, मध्ये खंड नाही, मी फीत इतकी बेमालूम जोडलेली. आणि भागूबाई? ती तर शेजारीच बसली होती, तिनं ऐकलं होतं. पण भागूबाईला तेव्हाच कमी ऐकू यायचं, हे तिनं साऱ्यांपासून लपवलेलं होतं. आक्काचे हलणारे ओठ तेवढे तिनं पाहिले होते. मशीनपुढं आक्का काय बोलली ते तिला रेडिओ कानाशी लावल्यावरच पहिल्यांदा ऐकू आलं. "तू आतून सामील झाली," असं आक्काला तोंडावर सांगून ती जी उठली, ती पुन्हा त्या ओसरीवर आली नाही. दोघींची घरं एकाच आळीत, मध्ये चार दारं.

महिन्यानं मी गेले तेव्हा आक्कानं चहा पुढं ठेवला आणि विचारलं, "कुनी कापलं?" मी म्हणाले, "साहेबांनी." तिनं मान हलवली आणि अगदी घरगुती विषय काढावा तसं विचारलं, "सायबाला पोरं किती?" साहेबांच्या घरचं मला काही ठाऊक नव्हतं, मी गडबडीत ठोकून दिलं, दोन मुलगे. पुढच्या खेपेला तिनं तेच विचारलं, मी म्हणाले, एक मुलगी. "बरं हाय," आक्का म्हणाली. मागच्या खेपेचं उत्तर मला परतीच्या एस.टी.त आठवलं आणि आपण पकडले गेलो हे कळलं. पण तिनं काढून दाखवलं नाही, मीही कबूल केलं नाही. ती माझ्यावर नजर ठेवून आणि मी तिच्यावर, अशा आमच्या भेटी चालू राहिल्या.

मात्र तिनं एक गोष्ट माझ्याकडून काढून घेतली. "कापत्यात कसं गं?" तिनं एकदा सहज विचारलं. मला माझ्या कामाबद्दल कुणी विचारत नसे, त्यामुळे मी फुलून सगळं सांगितलं. ब्लेड कुठं लागतं, दम घेतल्यावर फट कशी पडते, वाक्य कसं उचलायचं. आक्का डाळ भरडत होती. जात्याचा खुंटा धरूनच म्हणाली, "म्हंजी दम घेतला की घात." आणि पुन्हा भरडायला लागली.

त्या वर्षी साहेबांना जात्यावरच्या ओव्या हव्या झाल्या. मी कुठं जाणार, आक्काकडेच गेले. तिनं आढेवेढे न घेता जात्यावर बैठक मारली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्याकडे बाई जात्यावर बसली की भावाचं कौतुक गाते. बंधू माझा असा, बंधू माझा तसा. ऐकणारा कौतुकानं मान डोलावतो, शब्दांकडे कोण बघतो? आक्कानं सूर धरला:

बंधू चेअरमन, त्याच्या कंबरंला किल्ली
मोटरीची खोली, सांग कशानं गं वली

वली झाली माती, वास शिवारी सुटला
बंधू माझा भोळा, म्हणे ऊदच पेटला

अशा अकरा ओव्या. प्रत्येक ओवी आधीच्या ओवीचं शेपूट धरून उठणारी, आणि दम घ्यायच्या जागी जात्याची घरघर भरलेली. केंद्रावर मी फीत लावली, अर्थ डोक्यात शिरला आणि माझा हात आपोआप ब्लेडकडे गेला. खोटं कशाला बोलू, गेला. पण एक ओवी काढली असती तर पुढची लोंबकळली असती आणि ऐकणारी कुठलीही बाई म्हणाली असती, इथं काहीतरी गेलंय. फट नव्हतीच. तेवढ्यात साहेब मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा, बहीणभावाचं प्रेम किती निर्मळ असतं बघा!" ओव्या सगळ्याच्या सगळ्या लागल्या.

पुढं महिनाभर चेअरमन कुठल्याही पाणवठ्यावरून गेला की बायका खाली मान घालून "बंधू" म्हणायच्या. फौजदाराच्या बायकोला ती ओवी पाठ झाली होती, असं आक्का सांगे. भट्टी बंद झाली. "बंद झाली का वढ्यापल्याड गेली, खातरी काय?" हे वर तीच म्हणायची. भागूबाई मात्र विरघळली नाही. तिचं म्हणणं, आत्ता गायलीस ते खरं, पण तवा का गप बसली? एकदा भ्यालीच ना?

मला आक्का कधी चांगली म्हणाली नाही. माझी हंगामी नोकरी पुढं कायम झाली, मी मोठमोठ्यांच्या मुलाखती घेतल्या, निवृत्त झाले. पण ब्लेड उचलताना दर वेळी "मंग माज्याकडं काय ऱ्हातंय?" हा तिचा प्रश्न कानाशी असायचा. पुढं पुष्कळ बायकांची पुष्कळ वाक्यं मी राखली, काहींसाठी साहेबांशी भांडले. हे तिच्यामुळे. तिला ते सांगायची सोय नव्हती, कारण सांगायला लागले असते तर पहिलं वाक्य कबुलीचंच निघालं असतं.

दोन वर्षांपूर्वी एक संशोधक बाई माझा पत्ता काढत आल्या. विसाव्या शतकात रेडिओवर बोललेल्या चळवळीतल्या बायकांवर त्यांचं पुस्तक चाललं होतं. आक्काची ती पहिली मुलाखत त्यांना कुठल्याशा कपाटात मिळाली होती, अर्थात लागली तशी, कापलेलीच. ओव्यांच्या फितीवर मात्र नंतर कुणीतरी दुसरंच काही भरलं होतं. मी त्यांना घेऊन वाडीला गेले. आक्का नव्वदीला टेकलेली, दात गेलेले, नजर तीच. संशोधक बाईंनी मोबाईल पुढं ठेवला आणि फार नम्रपणे विचारलं, "आजी, तुम्ही मडकी फोडलीत, पण भट्टी कुणाची ते सांगायचं टाळलंत. भीती वाटली असेल ना? मी पुस्तकात तसं समजुतीनंच लिहिलंय."

आक्कानं मोबाईलकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. जमिनीवरची एक काडी उचलून मोडत बसली. मला वाटलं ती सांगेल, मग वाटलं ती मुद्दाम सांगत नाही. छापलेल्या पुस्तकात आता ती कायमची भित्री होणार होती आणि तेही समजुतीनं. मी म्हणाले, "त्यांनी नाव घेतलं होतं. मी कापलं. साहेबांनी नाही, मी." संशोधक बाईंनी मोबाईल झटकन माझ्याकडे वळवला.

"ठावं व्हतं," आक्का म्हणाली. "सायबाला दोन डाव दोन तऱ्हेची पोरं झाली तवाच."

"मग मला परत दारात का उभं केलंत?"

"दुसरी कोन येत व्हती यष्टीनं?" ती म्हणाली. मग काठी शोधायला लागली. "ह्या मोबाइलात सांगून काय उपेग? गिरनीम्होरं ज्या बसल्या व्हत्या त्या समद्या गेल्या. येक ऱ्हायलीय. चल, तिला सांग."

भागूबाई चार दारं पलीकडे, अंगणातल्या बाजेवर उन्हाला बसली होती. आता तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आक्का बाजेपाशी काठी टेकून उभी राहिली आणि मला हातानंच खूण केली. मी वाकून सांगितलं. भागूबाई म्हणाली, "आं?" मी जरा मोठ्यानं सांगितलं. "आं?" तिसऱ्यांदा सांगताना रस्त्यावरून दुधाची किटली घेऊन चाललेला माणूस मोटारसायकल बंद करून थांबला. आळीच्या टोकाला चेअरमनची सून गॅलरीत आली. जन्मभर रेडिओवर हळू, मऊ बोलून मी नाव कमावलेलं. मी घशाच्या शिरा ताणून ओरडले, "आक्कानं नाव घेतलं होतं! चेअरमनचं! मी कापलं ते! मी भ्याले! मी!"

भागूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवून आक्काकडे पाहिलं. "मंग तवाच का न्हाई सांगितलं मला?"

"सांगितलं व्हतं की गं," आक्का म्हणाली. "धा डाव सांगितलं."

ते भागूबाईला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती बाजेवर थोडी सरकली. आक्का तिच्याशेजारी बसली. त्यानंतर आक्का जाईपर्यंतच्या दीड वर्षात ती रोज तिथं बसायला जायची, असं तिच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं. त्या दिवशी मात्र मी त्या दोघींपुढं उभी होते, आणि मला कुणी बस म्हणालं नाही.