अंधाऱ्या पडद्यावरचा दादा

माझे बाबा पेडण्यात मराठीसाठी पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, बाजारात उभं राहून वाटायचे. घरात मात्र पेडण्याच्या बोलीतच बोलायचे. शाळेत असल्यापासून मी त्यांच्याबरोबर प्रुफं तपासायला बसे. ते हस्तलिखित मोठ्याने वाचत, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि मी छापील ओळीवरून बोट फिरवत जाई. खोटं एक अक्षर जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच शिकले.

दादाने आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनला लावून पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि तो इंग्लंडला गोदामात कामाला गेला. ज्या राज्याविरुद्ध घरातली माणसं लढली, त्याचंच नागरिकत्व. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही बाबांच्याच बाजूची होते, आजही आहे. पण बाबांचं हृदय थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि एका दुपारी बाबा म्हणाले, "एकदा बघूक जाय ताका."

दादाला बघायचं, तर समोरचा दिसेल असा फोन तेव्हा घरात नव्हता. माझा लॅपटॉप होता. त्यावरची कंपनीची कुलूपबंद ऑपरेटिंग प्रणाली काढून मी मुक्त प्रणाली घातली होती, जी कुणीही उघडून वाचावी, बदलावी. तिच्या प्रचाराचं माझंही एक पत्रक होतं. लॅपटॉपवर दादाचा फोन रविवारी यायचा होता आणि आदल्या दिवशी अपडेट केल्यावर पडदा गेला. सुरुवातीचा मेनू दिसे, मग सगळं काळं. आत यंत्र चालू असल्याचा आवाज मात्र येई.

बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन मी एका फोरमवर विचारलं. दोन उपाय मिळाले, ते कागदावर उतरवून आणले. दोन्ही म्हणजे सुरुवातीच्या मेनूत टाइप करायची एकेक ओळ: पहिली चित्र काढणाऱ्या ड्रायव्हरसाठी, दुसरी पडद्यामागच्या दिव्यासाठी. रविवारी पहिली ओळ घातली, काही फरक नाही. तेवढ्यात त्या काळोखातूनच घंटी वाजू लागली. मी अंदाजाने कळ दाबली.

"बाबा," दादाचा आवाज आला. "तुम्ही दिसताय मला."

"तू खंय आसा?" बाबा काळ्या काचेकडे बघत म्हणाले.

"तुझ्या मुक्त सॉफ्टवेअरने मला गिळलं वाटतं, बाये," दादा मला म्हणाला.

"तू गेलाच होतास," मी म्हणाले. बाबा हसले. त्याला कितीतरी वर्षांनी ते हसू दिसलं असणार.

मी टॉर्च आणून पडद्यावर तिरपी धरली. काचेत काहीतरी हललं, पाण्याच्या तळाशी हलावं तसं. चित्र होतं तर, फक्त त्याच्यामागचा दिवा विझला होता. म्हणजे दुसरी ओळ बरोबर होती, पण ती घालायला लॅपटॉप बंद करून चालू करावा लागणार होता.

"दादा, फोन ठेव, पाच मिनिटांत लावते."

बाबांनी माझं मनगट धरलं. "नको गो बंद करू. परत खंय मेळतलो तो?"

ते चष्मा काढून काचेला नाक लागेपर्यंत वाकले. टॉर्च मंद होत होती.

"दिसता माका," ते म्हणाले. "बारीक झाला."

"कामच तसं आहे, बाबा," दादा म्हणाला. थोड्या वेळाने त्याची कामावरची मधली सुट्टी संपली आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी बाबांनी दुसरी ओळ प्रुफासारखी वाचून दाखवली, बरोबरीच्या चिन्हासकट, आणि मी टाइप केली. पडदा लख्ख उजळला. "लाव ताका," ते म्हणाले. मी फोन लावला, त्याने उचलला नाही. तो कामावर होता. त्यांनी खुर्ची हलवली नाही, बराच वेळ तशीच समोर ठेवली.

त्याच आठवड्यात बाबा गेले. आता परदेशी झालेल्या दादाला यायला व्हिसा लागत होता आणि तो वेळेत मिळाला नाही. बाराव्याला त्याने लॅपटॉपवर फोन केला. पडद्यावर तो स्वच्छ दिसला. गाल भरलेले, हनुवटीखाली मांस.

"बाये, खरं सांग," तो म्हणाला. "मी तेव्हाही असाच जाडा होतो. बाबांना मी दिसलो होतो?"

"दिसलास," मी म्हणाले. "टॉर्चच्या उजेडात माणूस बारीकच दिसतं."