थंड हवेची झडप

मोटार ही कुठेतरी जाण्यासाठी असते, हे माझ्या बायकोच्या काकांना पटवून देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यांच्या मते मोटार ही आधी समजून घ्यायची असते. ती नीट समजली, की मग कुठे जायचं का ते बघता येतं. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इंजिनांच्या चाचण्या घेण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल-श्रीफळ देऊन त्यांना सोडलं, पण काकांनी काही चाचण्यांना सोडलं नाही. व्हाइटफील्डच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आलेली प्रत्येक वस्तू एकदा तरी उघडली गेलीच. "कंपनी सगळ्या जगासाठी बनवते, आपल्याला आपल्यापुरतं हवंय," असं म्हणून ते स्क्रू ड्रायव्हर हातात घेत. नव्या टोस्टरची स्प्रिंग त्यांनी सुधारली, तेव्हापासून काकू ब्रेड झेलायला ताटली घेऊन दोन पावलं मागे उभ्या राहू लागल्या. पण तक्रार नाही. उलट कुणी पाहुणा हसला, तर "टोस्ट कुरकुरीत होतो मात्र हं," म्हणून त्याच्याच ताटात वाढत.

गाडीचं मात्र तसं नव्हतं. त्यामागे एक प्रवास होता. काकूंची मोठी बहीण, अक्का, धारवाडला. काका-काकू याच जुन्या गाडीतून तिच्याकडे निघाले असताना चित्रदुर्गाच्या अलीकडच्या चढावर काकांनी एका ट्रकला ओलांडायला घेतलं, आणि ट्रकच्या बरोबरीला आल्यावर गाडीचा दमच संपला. समोरून बस. काका कसेबसे पुन्हा ट्रकच्या मागे आले, पण काकूंनी त्यानंतर धारवाडपर्यंत डोळे उघडले नाहीत की पाण्याचा घोट घेतला नाही. अक्काच्या दारात उतरल्यावर काका त्यांना म्हणाले, "पुन्हा तुला असं घाबरू देणार नाही. हिच्यात दम आणतो, मगच तुला बसवतो." हा शब्द त्यांनी पाळायला घेतला, आणि सगळ्या घराचं वाटोळं सुरू झालं.

दोष कुठे आहे ते काकांनी आठवड्याभरात शोधून काढलं. एअर फिल्टरच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती सायलेन्सरच्या बाजूची गरम हवा आत घेते, तापलं की समोरची थंड. "आणि बंगळूरची हवा धड गरम ना धड थंड," काका मला म्हणाले, "त्यामुळे ही बिचारी गोंधळून मध्येच लटकते. गरम हवा विरळ, जावईबापू. विरळ हवेवर इंजिन काय चढ चढणार?" त्यांनी झडपेची आपोआप चालणारी नळी काढली, तिला सायकलच्या ब्रेकची तार जोडली आणि स्टीअरिंगखाली एक दांडी बसवली. दांडी ओढली की थंड, ढकलली की गरम. समोरची हवा थेट आत यावी म्हणून बंपरपासून एक पाइपही घातला. तो वॉशिंग मशीनचा होता हे मशीन लावल्यावर कळलं. पाणी बाथरूममधून हॉलमध्ये, हॉलमधून लिफ्टपर्यंत गेलं, आणि काका पायजमा वर धरून त्यातून चालत काकूंना समजावत होते, "अगं, एवढ्या लवचीक पाइपला बाजारात तोड नाही!"

मग चाचण्या. चाचणी शास्त्रशुद्ध हवी: तोच चढ, तोच वेग, तेच वजन. वजन म्हणजे मी. दर रविवारी सकाळी एचएसआर लेआउटच्या आमच्या घरून मी व्हाइटफील्डला जायचो आणि काकूंच्या जागेवर बसायचो. एकदा मी न खाता गेलो तर काका वैतागले. "गेल्या रविवारी तुम्ही इडली-वडा खाऊन आला होतात. आता तुलना कशी करायची?" आम्ही होसकोटेच्या पुढे एका चढावर जात असू. काका दांडी ढकलून एकदा चढत, ओढून एकदा चढत, आणि मी वेळ मोजायचा. पण या शहरात रिकामा रस्ता मिळेल तर शपथ. नेमका वेग पकडला की पुढे पाण्याचा टँकर. टँकर गेला की सायकलवाल्यांचा थवा. एकदा पोलिसाने अडवलं, दांडीकडे बोट दाखवून "एन सार इदु?", म्हणजे 'हे काय साहेब?' असं विचारलं, आणि काकांनी शुद्ध कन्नडमध्ये त्याला हवेच्या घनतेपासून सुरुवात करून सगळं समजावलं. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. शेवटी हात जोडून, "सरी सार, स्वल्प मुंदे होगी," म्हणजे 'बरं साहेब, जरा पुढे व्हा,' असं म्हणाला आणि स्वतःच मागे झाला.

निकाल दर वेळी एकच: फरक शून्य. दांडी कुठेही असो, गाडी तेवढ्याच वेळात चढ चढायची. आवाज तेवढा वाघासारखा यायचा. दुसरा कुणी असता तर 'मला जाणवतोय फरक' म्हणून मोकळा झाला असता. पण काका चाचण्यांच्या बाबतीत कमालीचे प्रामाणिक. खांदे पाडून परत यायचे, दारात काकूंना सांगायचे, "अजून नाही," आणि जेवण झालं की पुन्हा झडप काढायला बसायचे.

इकडे अक्काचे फोन येत. ती बरीच थकली होती, पण जीभ तशीच तिखट. काकूंना ती आधी विचारायची, "झडप कशी आहे?" आणि मग, "तुझा नवरा बरा आहे ना?" शेवटी, "मग कधी येतेस?" काकू म्हणायच्या, "येते गं, गाडी झाली की लगेच." मी न राहवून एकदा काकूंना म्हणालो, "रेल्वेने जाऊन या ना. मी तिकीट काढतो." काकू कोथिंबीर निवडत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "हे सगळं ते माझ्यासाठी करतायत. मी रेल्वेने निघून गेले तर काय वाटेल त्यांना?" एकाने दुसरीसाठी गाडी उघडून ठेवली होती आणि दुसरी पहिल्यासाठी घरात बसून राहिली होती. दोघांनाही थांबवण्याची सोय नव्हती.

एका दुपारी अक्काच्या सुनेचा फोन आला. अक्काने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं, आणि सारखी काकूंचं नाव घेत होती. झडप, पाइप, तार, फिल्टर सगळं तेव्हा हॉलमध्ये वर्तमानपत्रावर पसरलेलं होतं. काका घाईघाईने म्हणाले, "उद्या सकाळी निघू. मी आत्ता जोडतो सगळं." काकूंनी बॅग भरली, साडी बदलली आणि सोफ्यावर बसून राहिल्या. काका अंधार पडेपर्यंत जोडत होते. सकाळी गाडी तयार होती. काकू चपला घालत असताना पुन्हा सुनेचा फोन वाजला. अक्का पहाटे गेली होती.

धारवाडला दोघांना मी माझ्या गाडीने नेलं. काकांनी आपल्या गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि माझ्या गाडीत मागे जाऊन बसले. चित्रदुर्गाच्या अलीकडचा तो चढ कधी आला आणि कधी गेला ते मला कळलंही नाही. गाडी साधी, झडपेला कुणी कधी हात न लावलेली. आरशात मी पाहिलं, तर काका खिडकीबाहेर बघत होते. ते एवढंच म्हणाले, "चढला हो चढ." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अक्काच्या घरी सून म्हणाली, "काल संध्याकाळी फाटकाचा आवाज आला की त्या मान उचलत होत्या." काका तिथून उठून अंगणात गेले आणि निघेपर्यंत तिथेच उभे राहिले.

परत आल्यावर त्यांनी दांडी काढली, तार काढली आणि कारखान्यातून आली होती तशी झडप बसवून टाकली. काकू रागावल्या नाहीत, रडून भांडल्याही नाहीत. तसं झालं असतं तर काकांना सोपं गेलं असतं. आता त्या म्हणतील तेव्हा काका निमूटपणे गाडी काढतात, भाजीला नेतात, देवळात नेतात. टँकरच्या मागे टँकरच्याच वेगाने जातात.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. फ्रिज घरघरत होता, एखाद्या म्हाताऱ्या रिक्षासारखा. मी म्हटलं, "काका, कॉम्प्रेसर बघायला हवा." ते म्हणाले, "असू दे. कंपनीने विचार करूनच केलं असेल." चहा आणायला मी आत गेलो, तर काकू ओट्याशी उभ्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो फ्रिज मीच जरा भिंतीला टेकवून ठेवलाय. आवाज यावा म्हणून. तुम्ही तरी म्हणा ना त्यांना, उघडून बघा म्हणावं."

मी बाहेर येऊन पुन्हा विषय काढला. काकांनी मान किंचित तिरकी केली, डोळे मिटले आणि बराच वेळ ती घरघर ऐकली. "आवाज आहे खरा," ते म्हणाले. काकू दारात येऊन थांबल्या होत्या. काका खुर्चीतून उठले मात्र नाहीत, आणि काकूही दारातून हलल्या नाहीत.