आक्कांचं हिरवं लुगडं

वाकळ शिवायला मी कधी नवं कापड विकत घेतलं नाही. शिंप्याकडच्या चिंध्या आणि जुन्या कपड्यांतून उसवलेला दोरा यांवर माझं भागायचं, आणि मी ते चारचौघींत मिरवायचे.

एकदा आमच्या मच्छे गावात शेजारच्या आक्कांनी त्यांच्या वारलेल्या आईची चार लुगडी आणून दिली. "वाकळ शिवून दे गं, पांघरीन म्हंते." त्यातलं हिरवं लुगडं अजून धड होतं. तीन लुगड्यांत त्यांची वाकळ भागवली आणि हिरवं मी माझ्या वाकळीला लावलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आक्का आल्या. पलंगावरच्या वाकळीच्या हिरव्या काठावरून त्यांनी हात फिरवला.

"हे आईचं न्हवं?"

"उरलं होतं, आक्का," मी म्हणाले.

"व्हय, उरलं असंल," म्हणून त्या वाण घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी वाकळ उसवली आणि हिरवे तुकडे त्यांच्याकडे नेले.

"कशाला उसवलीस?" त्या म्हणाल्या. "मागितलं असतंस तर दिलं असतं की गं."

त्यांनी चहा ठेवला. मला तिथं बसवेना. चहा न घेताच मी घरी आले.