बीचवाला बॉल कोणाचा?

आमच्या कुरखेड्यातला जुना कोणी बाजारात भेटला, की पिशवी खाली ठेवायच्या आधीच "आठवते का बे..." सुरू होतं. एक किस्सा निघाला की त्याच्या मागून दुसरा, दुसऱ्याच्या मागून तिसरा. तिकडे बायको भाजीची वाट पाहत बसते! आणि सगळे किस्से फिरून फिरून येतात एकाच ठिकाणी, रफीकभाईच्या टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात.

शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन आणि मी! लोडशेडिंगचे दिवस. दुपारी लाईट गेली की माझं मशीन बंद, रफीकभाईचं सोल्डरिंग बंद. तिसरा रिकामा माणूस नामदेवभाऊ. गावाला लागून त्याची धानाची शेती. तो आणि रफीकभाई पहिलीपासून एका बाकावरचे.

*

टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन कोणीतरी रफीकभाईकडे दुरुस्तीला टाकून गेला आणि न्यायला आलाच नाही. पिवळ्या कॅसेटवर हजारो गेम छापले होते. चालायचा फक्त टेनिस! बाकी काहीही लावलं की टीव्हीवर नुसते पट्टे.

पहिल्याच दिवशी नामदेवभाऊ भडकला.

"एका बॉलचे पंधरा?"

"हो," मी म्हटलं.

"दोनाचे तीस. बरं. मंग पंचेचाळीस पाह्यजे ना? हे चाळीस काऊन दाखवून राह्यला?"

मला काय माहीत! रफीकभाईनं डोकंही वर केलं नाही.

"व्यापारी तुह्या धानात घट धरते ना, ओला हाय म्हणून? तशीच धरली."

"मंग बरोबर हाय," नामदेवभाऊ म्हणाला. त्यानंतर स्कोअरवर त्यानं कधी शंका घेतली नाही.

*

कॅसेट अडकली की काढून फुंकायची, हे तेव्हा सगळ्या हिंदुस्थानाला माहीत होतं. पण आमच्याकडे माणसाच्या तोंडात खर्रा असतो! सुपारी, तंबाखू, चुना, सगळं घोटलेलं. नामदेवभाऊनं जीव लावून फुंक मारली आणि अर्धा खर्रा कॅसेटच्या पोटात गेला.

टीव्हीवरचा खेळाडू जागच्या जागी थरथरायला लागला.

"त्याले तंबाखू लागली बे!" रफीकभाई ओरडला.

मग जुन्या टूथब्रशनं तासभर कॅसेटचे दात घासले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: 'खर्रा थुकूनच फुंकावे.' नवीन गिऱ्हाईक ती वाचून रफीकभाईकडे असं पाहायचं, की विचारू नका!

*

रफीकभाईची अम्मी मागच्या खोलीतून चहा घेऊन यायची आणि थोडा वेळ बघत उभी राहायची. तिला खेळाडूंचं काही नव्हतं. तिचा जीव अडकला होता उंच खुर्चीवरच्या अंपायरमध्ये.

"अरे, उस कुर्सीवाले को उतारो तो कोई! जब देखो तब बैठा है बेचारा!"

एकदा आम्ही मॅच जिंकली आणि रफीकभाईनं मशीन बंद केलं. अम्मी खूश. म्हणाली, "चलो, अब घर जाएगा."

*

आता खरी गोष्ट सांगतो. त्या टेनिसमध्ये दोघांना एकमेकांविरुद्ध खेळताच यायचं नाही. दोन रिमोट, पण दोघंही खालच्या बाजूला, समोर मशीन. म्हणजे जिंकायचं तर दोघांनी, हरायचं तर दोघांनी. दुसऱ्या खेळात दोस्त भांडतात, इथे तशी सोयच नव्हती!

फक्त एक भानगड होती. दोघांच्या बरोबर मधून बॉल आला, तर तो कोणाचा? कधी दोघंही धावायचे, कधी दोघंही उभे. शेवटी ओरडायचं ठरलं. "नाम्या, तुहा!" "रफीक्या, सोड, माहा!" बसस्टँडवरच्या कंडक्टरलाही कळायचं, इकडे मॅच सुरू झाली म्हणून.

लाईट गेल्यावर काय करायचं? तर नामदेवभाऊ ट्रॅक्टरची बॅटरी काढून खांद्यावर घेऊन यायचा. टीव्ही लहान, काळा-पांढरा, बॅटरीवर चालणारा. रफीकभाईनं गेमसाठीही वायर काढून दिली. अख्खं गाव घामानं निथळतंय आणि आम्ही टेनिस खेळतोय! तसे दिवस पुन्हा आले नाहीत, खरंच सांगतो.

*

मग रोवणा आला, म्हणजे धानाची लावणी. पाऊस लागला, बांध्या म्हणजे धानाचे वाफे पाण्यानं भरले, चिखलणी करायची म्हणून नामदेवभाऊनं सकाळी ट्रॅक्टरला चावी मारली. ट्रॅक्टर म्हणाला, "टक." बस! बांधावर रोवणाऱ्या बाया खोळंबलेल्या. उसना ट्रॅक्टर मिळेपर्यंत त्या दुसऱ्याच्या बांधीत गेल्या.

नामदेवभाऊ चिखलाच्या पायांनी थेट दुकानात आला.

"तुह्या टेनिसनं माहा रोवणा बुडवला!"

रफीकभाईनं गप्प राहायचं होतं ना! पण नाही. "बॅटरीच मेलेली होती बे. कवाचा सांगून राह्यलो, बदल म्हणून."

"आता माही बॅटरी तुह्या दुकानाची पायरी चढली, तर नाव बदलीन!"

झालं. बोलणं बंद.

नामदेवभाऊ यायचा, पण माझ्या दुकानात. मधल्या भिंतीला पाठ टेकून बसायचा.

"त्याले सांग, रेडिओ हळू लाव."

भिंतीपलीकडून आवाज, "त्याले सांग, दुकान माहं हाय!"

मी मधल्या मध्ये. हसू यायचं, आणि लगेच रडूही यायचं. हळूहळू रफीकभाई म्हणायला लागला, "नागपूरले माहा साळा बोलावून राह्यला. दुकान उचलतो. इथी ठेवलं काय माहं?" तो खरंच सामान बांधेल, या भीतीनं माझं कामात लक्ष लागेना.

*

धान निघाला तरी बोलणं नाही. एका दुपारी अम्मी माझ्या दुकानात आली, नामदेवभाऊचा हात धरून त्याला पलीकडे नेलं आणि दोघांच्या हातात रिमोट दिले.

"बात मत करो. खेलो!"

अम्मीपुढे कोणाचं चालतं! दोघं खेळायला लागले, तोंडं दोन दिशेला. बॉल मधून आला. दोघंही उभे. पॉइंट गेला. पुन्हा मधून आला. पुन्हा दोघं उभे.

"मशीन हँस रहा है तुम पे!" अम्मी म्हणाली.

गेम आता गेल्यातच जमा होता. मशीनचे चाळीस आणि बॉल पुन्हा बरोबर मधून!

"नाम्या, तुहा!" रफीकभाई ओरडला.

नामदेवभाऊनं बटण दाबलं, आणि लाईट गेली.

काळा पडदा. नामदेवभाऊनं रिमोट खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेला. रफीकभाई बंद टीव्हीकडे पाहत राहिला. अम्मीनं पदरानं डोळे पुसले. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा नागपूरला जातो.

बऱ्याच वेळानं पायरीवर धप्प आवाज झाला. खांद्यावर दुपट्टा, दुपट्ट्यावर बॅटरी, नामदेवभाऊ धापा टाकत उभा!

"वायर कुठी हाय बे?"

रफीकभाई उठला. बॅटरी निरखून पाहिली. "नवी घेतली? कवा?"

"भांडलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी." नामदेवभाऊ खाली बसला आणि त्यानं रिमोट उचलला. "लाव आता. बीचवाला माहाच होता."