मांडवाच्या डहाळ्या

तलमडुगूकडे आमच्या गावच्या नाल्याकाठी सरकारी जमिनीवर जांभळांची राई आहे. ती तोडून गोदाम बांधायचं ठरलं, तेव्हा गावानं राईतच धरणं धरलं. चार माणसं जमायची म्हटली की आमच्याकडे आधी मांडव घालतात, आणि मांडवावर जांभळाच्या ओल्या डहाळ्या लागतात. सकाळी मी धरण्याला गेलो तर मांडव गच्च शाकारलेला, अन् आजूबाजूची झाडं पार बोडकी.

आमचा पुढारी म्हणजे आदिलाबादहून जीपनं आलेला कापसाचा अडत्या. त्याला विचारलं, "डहाळ्या कुठून आणल्या?"

"इथूनच. काऊन? मांडवाबिगर बसता का तुमी?"

हे म्हणे झाडांचे रक्षक! गोदामवाल्यांची कुऱ्हाड अजून यायची होती, यांची येऊन गेलीसुद्धा.

दुपारच्या उन्हात पानं चिमली आणि मांडवातून ऊन थेट डोक्यावर यायला लागलं. तेव्हा पुढाऱ्यानं खुर्ची उचलली, धड राहिलेल्या एका जांभळाखाली नेली, गार सावलीत ऐसपैस बसला आणि तिथून ओरडला, "एक फांदी तोडू देणार नाही!"

आम्ही उन्हात बसून टाळ्या वाजवल्या.