चौथ्या मजल्याचा वाद्यवृंद

कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा तशीच करायची नाही, अशी शपथ घेऊन जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना ‘बेसवाले’ म्हणतात, कारण त्यांच्याकडे डबल बेस नावाचं वाद्य आहे. आकार व्हायोलिनचा, पण उंचीला माझ्या नवऱ्यापेक्षा चार बोटं जास्त आणि आवाज त्याच्याहून बराच खालचा. रबाळ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांची देखभाल करून ते निवृत्त झाले आणि जाझ वाजवणारी मंडळी जमवून बसले. जाझमध्येसुद्धा काहीतरी ठरलेलं असतं म्हणे. यांच्यात तेही नाही. आधी काही ठरवायचं नाही, लिहायचं नाही, आणि गेल्या रविवारी वाजवलेलं या रविवारी वाजलं तर ती चूक. मी एकदा विचारलं, “मग सराव कसला करता?” तर म्हणाले, “न ठरवण्याचा. फार अवघड असतं, सेक्रेटरीबाई.” सेक्रेटरीबाई म्हणजे मी. सहा वर्षं आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही.

ही शपथ ते वाद्यापुरती पाळतात असंही नाही. भाजीला रोज वेगळ्या गल्लीतून जातात, त्यामुळे भाजीवाल्याकडे पोचायला त्यांना कधी पाच मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. चहात एक दिवस गवती चहा, एक दिवस बडीशेप. तमालपत्र घातलेला त्यांचा चहा मी स्वतः प्यायले आहे. चांगला झाला होता. चार दिवसांनी पुन्हा मागितला तर शांतपणे म्हणाले, “तो झाला.” आमच्या लिफ्टमध्ये तो बेस उभा केला की माणसाला जागा उरत नाही. म्हणून ते बेस आत ठेवतात, तळमजल्याचं बटण दाबतात आणि त्याला घ्यायला स्वतः जिन्याने धावत सुटतात. एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दूध आणायला जाताना मध्येच लिफ्ट बोलावली. दार उघडलं तर आत काळ्या खोळीत कोणीतरी ताठ उभं. काकू दुधाशिवाय घरात परतल्या आणि वॉचमनला फोन केला, “लिफ्टमध्ये एक जण आहे, हाक मारली तरी बोलत नाही.” शेवटी मला फळ्यावर सूचना लावावी लागली : ‘लिफ्टमध्ये वाद्य एकटे आढळल्यास घाबरू नये.’

पण माणूस निरुपयोगी नाही, हे मी कोणालाही सांगेन. एकदा भर जिन्यात थांबून, कान भिंतीला लावून मला म्हणाले, “पंप अर्धा सूर उतरलाय. बेअरिंग बघून घ्या.” मी हसले. तिसऱ्या दिवशी पंप बसला आणि साठ बिऱ्हाडं टँकरच्या मागे धावली. तेव्हापासून प्लंबरला बोलावण्याआधी मी त्यांना बोलावते.

त्यांच्या चमूत ते धरून तिघं. ड्रम वाजवतो तो जवळचाच एक दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘हलू नका’ सांगून कंटाळलेला. ट्रम्पेट वाजवतात ते घणसोली गावातले एक दादा. पंचवीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वरातीपुढे वाजवलं, आणि तेच तेच वाजवून जीव विटला म्हणून इकडे आले. दर रविवारी दहा ते बारा तळमजल्याच्या हॉलमध्ये हे तिघं बसत. काहीच ठरलेलं नसताना हे थांबतात कसे, याचं मला कुतूहल होतं. दारातून दोन-तीनदा पाहिलं तेव्हा कळलं. बेसवाल्यांना माझ्यासारखाच चष्मा, फक्त भिंगं जाड. त्यांनी तो काढून खिशात ठेवला की संपलं. मला म्हणाले, “चष्मा काढला की मला हे दोघे दिसतच नाहीत. मग कोणाबरोबर वाजवणार?” आख्ख्या कारभारात ठरलेली गोष्ट एवढी एकच.

हॉलच्या भिंतीला लागून जाधवकाकांचं घर. काका मूळचे साताऱ्याकडचे, उभं आयुष्य घाऊक बाजारात गोणी उचलण्यात गेलेलं, आता रविवारी जरा पडावं एवढीच इच्छा. एका रविवारी ते माझ्या दारात आले. “म्याडम, त्ये बंद करा. भितीत म्हस अडाकल्यावानी वाटतंय. बरं, ती म्हस मरत बी न्हाई आन सुटत बी न्हाई.” मी म्हटलं, हॉलमधल्या भजनाचा आवाज चालतो तुम्हाला. तर म्हणाले, “भजनाला आरती आस्ती. संपलं म्हून कळतं. ह्येचं कवा संपायचं ते कुनाला ठावं?” मुद्दा बिनतोड होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी अर्ज दिला, खाली अकरा सह्या. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सभा, आणि तिथे मतदान : हॉल द्यायचा की नाही.

मी हे सांगायला वर गेले. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ड्रम मावत नव्हते, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात एकदाच वाजवून पाहिलं तर बाहेर बसलेले तीन पेशंट दुखणं विसरून निघून गेले होते. बेसवाले एवढंच म्हणाले, “हॉल गेला की आम्ही गेलो,” आणि चहा ठेवला. चहात बडीशेप होती. आदल्या दिवशीही बडीशेपच होती. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

मी उपाय काढला. झेंडावंदन झालं की पंधरा मिनिटं यांनी सगळ्यांसमोर वाजवायचं, मग गरम बटाटेवडे, मग मतदान. न ऐकता कोणी हात वर करू नये, एवढंच माझं म्हणणं. फळ्यावर चमूचं नाव लिहायचं होतं, पण नाव ठेवणं म्हणजे ठरवणं आलं, म्हणून ते त्यांनी ठेवलंच नव्हतं. मग मीच लिहिलं, ‘चौथ्या मजल्याचा वाद्यवृंद’.

मधल्या काळात बेसवाल्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं, एकापाठोपाठ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिनाभर जड उचलू नका म्हटल्यामुळे सराव बंद. सव्वीस तारखेला खाली आले ते लहान मुलासारखे खुशीत. “सेक्रेटरीबाई, तुमच्या पदरावर हळदीचा डाग आहे! झेंड्याचा दोरा उसवलाय! मला सगळं दिसतंय!” नाकावर चष्मा नव्हता. ते माझ्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ नाही आला. त्या तिघांच्याही नाही आला.

सुरुवात अशी झाली की मी पुढच्या खुर्चीत चकित होऊन बसले. बेस आमच्या पंपासारखा घुमू लागला. ट्रम्पेटवाल्या दादांनी त्यात वरातीतलं काहीतरी आणलं, सगळ्यांच्या ओळखीचं झालं, आणि लगेच मोडून टाकलं. पोरं नाचायला लागली. जाधवकाकांचा पाय हलताना मी पाहिला. पंधरावं मिनिट आलं. बेसवाल्यांचा हात नाकाकडे गेला आणि नाकावरच राहिला. चेहरा पांढरा पडला. त्यांनी वाजवणं थांबवलं. दोघांना वाटलं, आपल्याला वाव दिला. ते दुप्पट जोराने सुटले. ‘पुरे’ म्हणाले ते ट्रम्पेटखाली बुडालं; मान हलवली, तर दोघांना वाटलं शाबासकी. घाबरून त्यांनी पुन्हा बेस धरला, तर दोघं खूश. पंचविसावं मिनिट, पस्तिसावं मिनिट. डॉक्टरांचा शर्ट भिजून अंगाला चिकटला, डोळे बेसवाल्यांच्या नाकावर खिळलेले. दादांचे गाल जांभळे. वडे थंड झाले. मागून कुजबुज सुरू झाली, आणि जाधवकाका विजयी चेहऱ्याने वळून अकरा सह्यांकडे पाहू लागले.

मी उठले. तिघांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांना दिसेल असा स्वतःचा चष्मा काढला आणि पर्समध्ये टाकला.

तिघं एका क्षणात थांबले. असं, की झेंड्याच्या दोरीची टकटक ऐकू आली. मग टाळ्या पडल्या. निम्म्या सुटकेच्या असतील, पण पडल्या जोरात. दादा खाली बसून म्हणाले, “आमी चष्म्याची वाट बगतंव, न चष्मा हाय कुठं? नाकच नुसता!” आणि सगळं अंगण हसलं. जाधवकाका वडा हातात घेऊन माझ्याकडे आले. “तुमचं आयकत्यात व्हय ही? मग ऱ्हाऊ द्या की. पर बारा वाजता तुमी तितं पायजे.” ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात मीच लिहिलं आहे : ‘सेक्रेटरींनी दर रविवारी जातीने हजर राहून ठीक बारा वाजता चष्मा काढावा.’

याला दोन वर्षं झाली. मला जाझ कळत नाही, बारा वाजलेले कळतात. पावणेबाराला कुकर लावून मी हॉलमध्ये जाऊन बसते. शेजारच्या खुर्चीवर जाधवकाका. झोप तशीही मोडतेच, म्हणून ते आत येऊन बसू लागले. “आज म्हस बरी हाय,” असा अभिप्राय देतात. बाराच्या वर एक मिनिटही जाऊ दिलेलं नाही.

आता इमारत पाडायची आहे. पुनर्विकासाच्या कागदांवर पहिली सही माझीच, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. गच्ची गळते, प्लास्टर पडतं. बेसवाले मुलीकडे उलव्याला जातील, जाधवकाका गावाला. नव्या नकाशात तळमजल्याला हॉल मी भांडून घेतला आहे, आणि लिफ्टची उंची-रुंदी बेस मोजून लिहून दिली आहे, शेजारी एक माणूस मावेल इतकी. तीन वर्षं म्हणतात. जास्तच लागतील.

गेल्या रविवारी तिघांनी या हॉलमध्ये शेवटचं वाजवलं. बारा वाजले तेव्हा माझ्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या. त्या हॉलचा पंखा धूळ फार उडवतो. पुसायला हव्या होत्या, पण पुसायच्या तर चष्मा काढावा लागतो.

“म्याडम, बारा वाजलं,” जाधवकाका हळूच म्हणाले.

“वाजू द्या,” म्हटलं, आणि समोरचं नीट दिसत नसतानाही तशीच बसून राहिले.